दोन फायबर बोटी आणि वडिलांची शंका

वाचकाचं पत्र:

नमस्कार काका. आम्ही भोई. शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी गाव. वडील, मी आणि धाकटा भाऊ नदीत जाळी लावतो, पाणी बघून पंचगंगेतही जातो. आमची लाकडी नाव आता डागडुजीच्या पलीकडं गेलीय. रत्नागिरीकडं जाऊन फायबरच्या दोन नव्या बोटी बघून आलो. दोन्ही अठरा फुटी, रुंदीत चार बोटांचा फरक. पहिलीचा तळ सपाट, आतून रंग नाही, इंजिन टांगायची मागची फळी पंधरा इंची. कारखानदार म्हणतो, ९.९ हॉर्सपॉवरपेक्षा मोठं इंजिन लावू नका. पुढं आणि मागं झाकणाची एकेक बंद पेटी आहे. वजन तीनशे किलो. दुसरीचा तळ व्ही आकाराचा, फळी वीस इंची, २५ हॉर्सपॉवर चालतं. आत चकचकीत डबल फ्लोअर, त्यात फोम भरलाय म्हणे, आणि बाकाखाली फायबरचीच पेट्रोल टाकी. वजनाला साठ किलोनं हलकी, पंचवीस हजारांनी स्वस्त. भावाचं मन दुसरीवर बसलंय, महापुरात पण कामाला येईल म्हणतो. वडील म्हणतात, दोन्ही नकोत, लाकूड बुडत नाही, फायबर बुडतं. मला दोन्ही सारख्याच वाटतात आणि घरात रोज वाद. काय करावं?

उत्तर:

पहिली घ्या. पण आज कारखान्यात उभी आहे तशी घेऊ नका. तिच्यात एक काम करून घ्या आणि ते झाल्याचं पाण्यात बघितल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. ते काम काय, हे तुमच्या वडिलांच्या शंकेतच आहे. घरातल्या तीन मतांपैकी त्यांचं मत तुम्ही सगळ्यात कमी मनावर घेतलेलं दिसतंय, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

लाकडाची नाव पाण्यानं काठोकाठ भरली तरी ती पाण्याच्या पातळीला लोंबकळत राहते. माणूस तिला धरून काठाला लागतो. फायबरचं तसं नाही. काचेचे धागे आणि रेझिन (सुकून घट्ट होणारी राळ) मिळून जो माल होतो तो पाण्याच्या साधारण दीडपट जड. तो तरंगतो तो केवळ आकारामुळं. आपल्याकडं पुरात गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं पलीकडं नेतात, ते तुम्ही पाहिलं असेल. काहील लोखंडाची असूनही तरंगते, पण आत पाणी शिरलं की सरळ तळाला. फायबरची उघडी बोट याच जातीची, आणि तिच्या मागं चाळीसेक किलोचं इंजिनही लटकलेलं असतं. तेव्हा वडील बरोबर बोलतायत. फक्त त्यांच्या शंकेवर इलाज आहे, आणि तो फार महागही नाही.

हिशेब सोपा आहे. तीनशे किलोची फायबरची बोट पूर्ण पाण्याखाली गेली की तिचं वजन तिसऱ्या हिश्शाइतकं उरतं, म्हणजे शंभर किलो. इंजिनाचे पाण्यात तीसेक किलो धरा. नांगर, जाळ्याची शिशाची वजनं, बॅटरी, हत्यारं असं सगळं मिळून दीडशेच्या घरात जाईल. फोमनं भरलेली एक लिटर जागा साधारण एक किलो भार उचलते. म्हणजे दीडशे लिटर फोम असेल तर बोट जेमतेम तळाला जाणार नाही. तिला धरून तीन माणसांनी मदतीची वाट बघायची असेल तर तीनशे लिटर मागा. दोन्ही अंगांना आतून दहा फूट लांब, दहा इंच रुंद, आठ इंच उंच अशी फोम भरलेली बाकं केली की तीनशेच्या थोडं वरच होतं. बसायला बाक मिळतं, आणि दोन्ही काठ आतून बांधले गेल्यानं बोटीला ताठपणाही येतो.

हा फोम कुठं भरलाय, हे किती भरलाय याच्याइतकंच महत्त्वाचं. तो वर, काठाच्या जवळ हवा. दुसऱ्या बोटीत तो डबल फ्लोअरच्या खाली आहे. ऐकायला बरं वाटतं, पण बोट पाण्यानं भरली की खालचा फोम वर यायला धडपडतो, वरचं सगळं जड असतं, आणि बोट पालथी होते. पालथ्या गुळगुळीत तळाला ओल्या हातानं धरून बघा म्हणजे कळेल. शिवाय फ्लोअरखाली पाणी झिरपलं तर ते दिसत नाही, काढता येत नाही, आणि दोन-तीन वर्षांत हलकी बोट जड का झाली याचा शोध घेत बसावं लागतं. पहिलीतल्या बंद पेट्यांवरही विसंबू नका. झाकणाचं रबर एका उन्हाळ्यात कडक होतं आणि पेटी बादलीसारखी भरते. त्या पेट्या सामानाला वापरा, तरंगायला फोमच हवा. आणि फोम म्हणजे बंद छिद्रांचा पॉलियुरेथेन. थर्माकोल भरून देतो म्हणाले तर नको म्हणा. पेट्रोल सांडलं की थर्माकोल विरघळतो.

आता परीक्षा. बाकं झाली की कारखान्याजवळ छातीभर पाण्यात बोट न्यायला सांगा. इंजिनाच्या जागी त्याच वजनाची वाळूची पोती फळीला बांधा आणि बोट बादल्यांनी काठोकाठ भरा. मग वडिलांना दाखवा. ती आडवी न होता तरंगत राहिली तर त्यांचा प्रश्न सुटला. कारखानदार कुरकुर करेल, आजवर कुणी असं मागितलं नाही म्हणेल. मागू दे की पहिल्यांदा कुणीतरी.

भावाचा मुद्दा इंजिनाचा. २५ हॉर्सपॉवर म्हणजे अडीचपट वेग, असं त्याच्या मनात असावं. पाण्यावर तसं होत नाही. पाणी कापत जाणारी बोट स्वतःपुढं एक लाट उभी करते, आणि वेग वाढला की ती लाट बोटीइतकीच लांब होते. त्यापुढं बोटीला आपल्याच लाटेवर चढावं लागतं. सतरा फूट लांबी पाण्याला टेकलेली असेल तर ही हद्द ताशी दहा किलोमीटरच्या आसपास येते. ती ओलांडायची तर बोट पाण्यावर उचलून घसरत न्यावी लागते. रिकाम्या व्ही बोटीला २५ चं इंजिन ते करून दाखवेल, आणि विकणाऱ्यानं तुम्हाला दाखवलंही असेल. तिघं माणसं, ओली जाळी, नांगर आणि माशांचे दोन क्रेट घालून तिला पळवा. शेपटी खाली, नाळ म्हणजे पुढचं टोक आभाळाकडं, आणि पेट्रोल तेवढं जळत राहतं. पूर्ण उघड्या थ्रॉटलवर ९.९ चं इंजिन तासाला चार लिटरच्या आसपास पितं, २५ चं नऊच्या. तुमची जाळी गावापासून किती लांब असतात? दोन-चार किलोमीटर. तिथवर पोचायला पाच-सात मिनिटं वाचवण्यासाठी दर फेरीला दुप्पट पेट्रोल, हा मला तोट्याचा सौदा वाटतो.

२५ चं फोर-स्ट्रोक इंजिन साठ किलोच्या आसपास भरतं, ९.९ चं चाळीसच्या. म्हणजे दुसऱ्या बोटीनं वाचवलेल्या साठ किलोंतले वीस तर फळीवरच परत येतात.

त्या साठ किलोंवर थोडं थांबू. लांबी तीच, रुंदी जवळपास तीच, आत जास्तीचा फ्लोअर आणि टाकी, तरी बोट हलकी. मग वजन कमी कुठं झालं? तळाच्या आणि बाजूंच्या थरांत. दुसरीकडून झालेलं असणं अवघड आहे. बोट बांधताना साच्याला आधी गेलकोट, म्हणजे बाहेरचा चकचकीत राखणारा थर, मारतात, मग काचेची मॅट आणि विणलेलं रोव्हिंग (काचेच्या जाड धाग्यांचं कापड) आलटून पालटून रेझिनमध्ये भिजवून बसवतात. दोन्ही कारखानदारांकडून लिहून घ्या: तळाला किती थर, बाजूला किती, कण्याला, म्हणजे तळाच्या मधल्या लांब रेषेला, किती, चौरस मीटरला मॅट किती ग्रॅमची, रोव्हिंग किती ग्रॅमचं. साडेचारशेची मॅट आणि सहाशेचं रोव्हिंग हा नेहमीचा माल. रेझिन आयसोप्थॅलिक आहे की साधं जनरल पर्पज, तेही विचारा. रात्रंदिवस पाण्यात राहणाऱ्या बोटीला बाहेरच्या थरांना आयसो लागतं, नाहीतर काही वर्षांनी गेलकोटखाली फोड येतात. जो लिहून द्यायला टाळतो त्याची बोट चकचकीत असली तरी सोडून द्या.

आणि पहिलीला आतून रंग नाही ही तुम्ही उणीव म्हणून लिहिलीय. माझ्या मते ती सोय आहे. रंग नसलेल्या अंगावर काचेचे कोरडे पांढरे धागे, हवेचे बुडबुडे, रेझिन न पोचलेले कोपरे नुसत्या डोळ्यांना दिसतात. चकचकीत फ्लोअरखाली काय दडलंय ते कुणाला ठाऊक. तळावर गुडघा रोवून दाबा. दोन आडव्या दांड्यांच्या मधली जागा दबकत असेल तर नको. हातोडीच्या लाकडी दांड्यानं टकटक करत सगळीकडून फिरा, आवाज खणखणीत आणि सारखा यायला हवा. मध्येच बद्द आवाज आला तर तिथले थर सुटलेत.

सपाट की व्ही, याचं उत्तर पाणी देतं. समुद्राच्या लाटेत, किंवा कोयनेच्या शिवसागरात, उजनीत, जिथं वाऱ्यानं दुपारी लाटा उठतात तिथं सपाट तळ आपटतो आणि व्ही तळ लाट कापतो. तिथला कुणी विचारता तर मी दुसरी घ्या म्हणालो असतो, थर तपासून. तुमचं पाणी वेगळं. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि वरच्या अंगाला पाणी तळ्यासारखं निवांत उभं राहतं. तेरवाड, शिरोळ, इकडं कृष्णेवर राजापूर, सगळीकडं तेच. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला मात्र उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, दगड आणि गाळ. तिथं कमी पाण्यात तरंगणारा सपाट तळ हवा, आणि वेळ आली तर तिघांनी ओढून नेता यावा असा हवा. जाळं ओढताना तुम्ही दोघं एकाच अंगाला वाकता. त्या वेळी व्ही बोट कलंडते, सपाट बोट पाय रोवून उभी राहते. दिवसातला बराच वेळ बोट पळत नसते, उभी असते, हे भावाला सांगून बघा.

ओढण्यावरून आठवलं. घाटाच्या दगडी पायऱ्यांवरून फायबर घासलं की गेलकोट जातो, मग काच उघडी पडते आणि ती पाणी पीत राहते. कण्यावर दोन जादा थर आणि बाहेरून स्टेनलेस स्टीलची पट्टी आत्ताच मारून घ्या. बोट घरी आल्यावर हे करायला दुप्पट पैसे जातात. कोकणात बोट वाळूवर ओढतात, त्यामुळं तिकडचा कारखानदार हे आपण होऊन सुचवणार नाही.

फळीचं माप आणि इंजिनाचं माप जुळलं पाहिजे. पंधरा इंची फळीला शॉर्ट शाफ्ट म्हणजे आखूड दांड्याचं इंजिन, वीस इंचीला लाँग शाफ्ट म्हणजे लांब दांड्याचं. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा बोटभर खाली यावी. शाफ्ट आखूड पडला तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं बोंबलतं. लांब पडला तर पहिल्याच दगडाला लागतो. पहिल्या बोटीची पंधरा इंची फळी नदीला पुरेशी आहे, पण तिचा एक धोका आहे. जोरात येऊन एकदम थ्रॉटल सोडला की मागून आपलीच लाट फळीवरून आत येते. म्हणून फळीच्या पुढं हातभर अंतरावर एक आडवी भिंत घालून घ्या, मधलं पाणी बाहेर जायला दोन भोकं ठेवून. फळीच्या आत प्लाय कुठला तेही विचारा. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्यापेक्षा हलका असेल तर इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी शिरून तो आतल्या आत कुजतो, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस इंजिन फळीसकट मागं झुकतं. भोकं पाडल्यावर आतून रेझिननं बुजवून मगच बोल्ट घालायला सांगा. तुमच्या समोर.

इंजिन कुठल्या कंपनीचं, हे मी सांगणार नाही. रत्नागिरी-मालवणच्या बंदरात छोट्या होड्यांवर जे सगळ्यात जास्त दिसतं ते घ्या, कारण त्याचे पार्ट आणि मिस्त्री तिथंच आहेत आणि तुम्हाला घाट उतरून तिथंच जावं लागणार. गोडं पाणी इंजिनाला मानवतं, मिठाचा त्रास नाही. आपल्याकडचा शत्रू गाळ आणि केंदाळ, म्हणजे जलपर्णी. इंजिन थंड ठेवायला आत पाणी ओढणारा रबराचा इम्पेलर असतो; पावसाळ्यातलं तांबडं पाणी त्याला खातं, तो दरवर्षी बदलायचा असं धरून चला. पंचगंगेत केंदाळ दाटलं की इंजिनाची पाणी ओढायची जाळी तुंबते. इंजिनाच्या अंगातून पाण्याची बारीक धार पडत असते, तिच्यावर सतत डोळा ठेवा. धार थांबली की इंजिन लगेच बंद करायचं, पंखा वर उचलून केंदाळ काढायचं, मगच पुढं. दोन वल्ही आणि एक लांब बांबू बोटीत कायम पाहिजे, इंजिन कितीही नवं असो.

पेट्रोलचंही एक. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसातून आलेलं. साखर कारखान्याला बरं, शेतकऱ्याला बरं, उभ्या इंजिनाला नाही. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि जास्त दिवस पडून राहिलं की पाणी टाकीच्या तळाशी वेगळं बसतं. पुराच्या दिवसांत बोट महिनाभर बांधून ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा, आणि नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. दुसऱ्या बोटीची फायबरची टाकी मला पटत नाही ती याचमुळं. इथेनॉल असलेल्या पेट्रोलनं फायबरच्या टाकीचं रेझिन मऊ पडतं आणि तो चिकटा इंजिनात जातो. उचलून नेता येणारी प्लास्टिकची टाकी बरी.

राहिला महापूर. २०१९ आणि २०२१ तुमच्या तालुक्यानं सोसलंय, त्यामुळं भावाची भावना मी हसण्यावारी नेत नाही. मुख्य प्रवाहाच्या ओढीला ९.९ चं इंजिन कमी पडेल, हे त्याचं खरं आहे. पण मासेमारीची अठरा फुटी बोट त्या ओढीत घालूच नये, २५ लावून सुद्धा नाही. पाण्याखाली झाडं असतात, विजेच्या तारा असतात, कुंपणं असतात. गल्लीत आणि उसाच्या रानावर पसरलेल्या संथ पाण्यात माणसं काढायची असतील तर तिथं सपाट तळच बरा. माणसं किती घ्यायची याचा आकडा आजच ठरवा आणि बोटीवर ठळक रंगवा, कारण त्या वेळी काठावरची माणसं रडत असतात आणि नाही म्हणणं जड जातं. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटली ती जास्त माणसं बसल्यामुळंच असं तेव्हा सगळीकडं छापून आलं होतं. आकडा ठरवायला साधा उपाय: सिमेंटचं पोतं पन्नास किलोचं असतं, तेवढ्याच वजनाची वाळूची पोती एकेक करून घाला आणि मागचा काठ पाण्यापासून एक फूट उरला की थांबा. इंजिन आणि पेट्रोल फळीवर ठेवूनच हे करायचं. पोत्यांच्या एकूण वजनाला एका माणसाच्या वजनानं भागलं की आकडा मिळतो. जितके जण मावतील तितकी लाइफ जॅकेटं विकत घ्या, त्यात घासाघीस नको. इंजिन बंद करणारी लाल दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला.

कागदपत्रांचं थोडक्यात. यंत्र लावलं की बोट अंतर्देशीय जहाज अधिनियम २०२१ खाली येते, तेव्हा नोंदणीसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडं चौकशी करा. बांधणाऱ्याचा दाखला, बोटीचा नंबर आणि इंजिनाचं पक्कं बिल हातात असू द्या. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. योजना अजून चालू आहे का आणि आईच्या नावानं अर्ज करता येतो का, हे कोल्हापूरच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारा, पण बोटीचा पहिला रुपया देण्याआधी विचारा. आधी खरेदी आणि मग अर्ज केला की फाईल तिथंच अडते.

कारखान्याला पैसे तीन हप्त्यांत द्या: सुरुवातीला थोडे, फोमची बाकं आणि फळीपुढची भिंत झाल्यावर थोडे, आणि काठोकाठ भरून तरंगवून दाखवल्यावर उरलेले. त्या दिवशी वडिलांना बरोबर न्या. थरांचं त्यांना कळणार नाही कदाचित, पण बोट पाण्यात कशी बसलीय हे तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना आधी कळेल.

आंबा घाटातून आणताना बोट टेम्पोत जुन्या टायरांवर बसवा, दोर काठावरून न आवळता आडव्या दांड्यांच्या रेषेत बांधा. इंजिन फळीवर लटकवून आणू नका, खड्ड्यांच्या हिसक्यानं नव्या फळीचे बोल्ट ढिले होतात. ते वेगळं, आडवं झोपवून आणा. फोर-स्ट्रोक असेल तर कुठल्या कुशीवर झोपवायचं याची खूण त्याच्या पुस्तकात दिलेली असते, तीच कूस. चुकीच्या कुशीवर झोपवलं तर तेल सिलिंडरमध्ये उतरतं आणि पहिल्याच दिवशी मिस्त्रीसाठी घाट पुन्हा उतरावा लागतो.